दोन वजनकाटे आणि पाच टॉवेल: पिअर्सनचा आर वेगळा, आयसीसी वेगळा

सोलापुरात फिजिओ, नर्सिंग, एमएससीच्या पोरापोरींचे प्रबंध बघायला येतात माझ्याकडे आणि त्यात एक गोष्ट हमखास सापडते. दोघांनी घेतलेली मापं जुळतात का हे दाखवायला पिअर्सनचा आर, म्हणजे दोन आकडे सोबत वाढतात-घटतात का ते सांगणारा सहसंबंध, काढलेला असतो, तो ०.९ च्या वर गेला की खाली "मापन विश्वासार्ह आहे" असं लिहून मोकळे. वाईट वाटतं ओ, कारण मेहनत सगळी खरी असते, एकेक पेशंट गाठून मापं घेतलेली असतात, आणि शेवटी विचारलेलं एक आणि काढलेलं भलतंच.

असं धरा की अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात दोन वजनकाटे आहेत. पाच टॉवेल पहिल्या काट्यावर ४००, ४१०, ४२०, ४३०, ४४० ग्रॅम भरले, तेच पाच दुसऱ्यावर ४२०, ४३०, ४४०, ४५०, ४६०. म्हणजे दुसरा काटा दरवेळी २० ग्रॅम जास्त दाखवतो, एकही टॉवेल दोन्हीकडे सारखा भरला नाही, आणि आर किती? पूर्ण १. दुसऱ्या काट्याने सरळ दुप्पट वजन दाखवलं असतं तरी १ च आला असता, कारण आर फक्त एवढंच बघतो की एक वाढला की दुसरा त्याच प्रमाणात वाढतो का.

आयसीसी, म्हणजे वर्गांतर्गत सहसंबंध, वेगळं विचारतो: आकड्यांमध्ये जो एकूण फरक दिसतोय त्यातला किती हिस्सा टॉवेल खरंच हलकेभारी असल्यामुळे आहे, आणि किती काट्यांमुळे आणि चुकांमुळे. वरच्याच आकड्यांवर तो साधारण ०.५६ येतो.

पण थांबा, हा ०.५६ "आकडा तोच यायला पाहिजे" या प्रकारचा आहे. "क्रम न अंतर सारखं राहिलं तरी चालेल" या प्रकारचा काढला तर काट्यांमधला ठराविक फरक सोडून दिला जातो आणि उत्तर परत १! श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये आयसीसीचे सहा प्रकार मांडले, त्यामुळे प्रबंधात नुसतं "आयसीसी काढला" लिहून भागत नाही, कुठला ते लिहा. एका माणसाच्या मापाचा की सगळ्यांच्या सरासरीचा हेही लिहा, सरासरीचा सहसा जास्तच येतो.

आता ज्यात मीही पूर्वी अडकलोय ते. काटे तेच, फरक तोच २० ग्रॅमचा, फक्त टॉवेल बदला: नॅपकिनपासून मोठ्या बाथ टॉवेलपर्यंत, २००, ३००, ४००, ५००, ६००. तोच आयसीसी ०.५६ वरून एकदम ०.९९ वर! काटा जराही सुधारला नाही, माल वेगवेगळा झाला एवढंच. म्हणून ०.७५ च्या वर चांगला, ०.९ च्या वर उत्तम ही पट्टी डोळे झाकून लावू नका, सोबत फरक ग्रॅममध्येही द्या, ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सांगितलेला, दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडायचा आलेख त्यासाठीच आहे.

बाकी या आयसीसीचं मूळ काट्यांत नाहीच. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ च्या पुस्तकात तो भावांच्या मापांवरून समजावलाय. बाप आणि मुलगा असले की क्ष कोण न य कोण ते ठरलेलं असतं, आर काढता येतो. दोन भाऊ असले की कुणाला कुठल्या रकान्यात टाकणार? म्हणून प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी मांडायची, सरासरी न विचलन दोघांना मिळून एकच धरायचं.

गावागावातल्या सर्वेक्षणात हेच कामाला येतं. समजा मोहोळ न बार्शीकडची ३० गावं, प्रत्येकी २१ घरं, एकूण ६३०. एका गावाचं पाणी एक, पिकं सारखी, त्यामुळे घरं थोडीफार एकमेकांसारखीच असणार. हा सारखेपणा, म्हणजे आयसीसी, नुसता ०.०५ धरला तरी १ अधिक २० (एका गावातली २१ घरं वजा १) गुणिले ०.०५ म्हणजे २, या २ ने ६३० ला भागायचं, आणि ६३० घरांची माहिती जेमतेम ३१५ सुट्या घरांइतकी भरते. इथे आर काढायला जागाच नाही, त्या २१ घरांत पहिलं कुठलं न दुसरं कुठलं?