मेल्याचं सोंग नेमकं कधी घ्यायचं?

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो आणि अस्वल हुंगून निघून जातं. गोष्ट मैत्रीची आहे, अस्वलाची नाही. पण पहिल्यांदा ट्रेकला निघालेल्यांच्या डोक्यात नेमके हेच दोन उपाय असतात. त्यातला झाडाचा उपाय सोडून द्यावा. अमेरिकन काळं अस्वल खोडावर माणसापेक्षा कितीतरी चपळाईनं चढतं, आणि मनात आलं तर ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं तपकिरी अस्वलही चढतं. पळून जाण्याचा विचारही नको. ग्रिझली ताशी 50 किलोमीटरहून अधिक वेगानं धावू शकतं. उसेन बोल्टचा सर्वोच्च वेग ताशी 44 किलोमीटरच्या आसपास होता. शिवाय पळणाऱ्याच्या मागे लागणं ही शिकारी प्राण्याची सवयच असते.

सोंगाचं मात्र तसं नाही. ते कधी जीव वाचवतं, तर कधी घातही करतं. अस्वल अंगावर का आलं, यावर ते ठरतं.

बहुतेक वेळा ते दचकून येतं. अस्वलाचं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं, त्यामुळे एरवी माणसाचा वास लागताच ते वाट सोडून जातं. पण वारा समोरून येत असेल तर तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचत नाही. शेजारी ओढा खळाळत असेल तर पावलांचा आवाजही नाही. त्यात झुडपांमधलं वळण आलं की दोघं एकदम दहा पावलांवर समोरासमोर! अशा जागी मोठ्यानं बोलावं, टाळ्या वाजवाव्यात, हाका घालाव्यात. सॅकला बांधायच्या छोट्या घंट्या विकत मिळतात, पण त्यांची किणकिण फार लांब जात नाही. माणसाचा आवाज केव्हाही बरा. तीन किंवा जास्त जणांनी एकत्र चालावं, पहाटे आणि संध्याकाळी चालणं टाळावं. कुजका वास आला किंवा एकाच जागी डोमकावळे घिरट्या घालताना दिसले, तर तिथे मेलेलं जनावर असू शकतं. ग्रिझली आपल्या भक्ष्यावर राखण करतं, तेव्हा कुतूहल बाजूला ठेवून आल्या वाटेनं परत फिरावं.

भारतीय उपखंडातल्या काळ्या, झुबकेदार केसांच्या अस्वलाला तर हे दुप्पट लागू आहे. वारूळ उकरून वाळवी ओढून घेताना ते इतकं गुंगलेलं असतं, की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. वाघाच्या शेजारात वाढलेला हा प्राणी बिथरला की पळण्याऐवजी अंगावर येतो.

अस्वल लांब दिसलं आणि त्यानं तुम्हाला पाहिलं नसेल, तर गुपचूप मागे फिरा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाप्रमाणे अस्वलापासून किमान 91 मीटर अंतर ठेवावं लागतं. फोटोसाठी हे अंतर कमी करू नये. त्यानं पाहिलं असेल तर थांबा, शांत आवाजात बोला, हात हळू हलवा आणि त्याच्यावर नजर ठेवून तिरकं मागे सरका. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका. बहुधा नीट पाहण्या-हुंगण्यासाठीच ते तसं करतं. फुरफुरणं, जबडा कटकट वाजवणं, पंजा जमिनीवर आपटणं म्हणजे मात्र तुम्ही फार जवळ आला आहात. यानंतर ते धावूनही येईल, पण पुष्कळदा ती नुसती हूल असते आणि काही मीटरांवर ते थांबतं किंवा बाजूला वळतं. तिथे पाय रोवून उभं राहणं फार अवघड, पण तेच करायचं असतं.

हूल नसेल तर? पिल्लांसाठी किंवा दचकून आलेल्या ग्रिझलीनं खरंच अंगाला हात घातला, तर सोंगाची वेळ आली. सॅक पाठीवरच ठेवून पालथं पडा, बोटं गुंफून मान झाका, आणि उलटवता येऊ नये म्हणून पाय फाकवा. ते गेल्यासारखं वाटलं तरी लगेच उठू नका. हालचाल दिसली तर ते परत येतं. याउलट अमेरिकन काळ्या अस्वलानं हल्ला केला, किंवा कोणतंही अस्वल शांतपणे मागावर आलं, रात्री तंबूत शिरलं, तर ते तुमच्याकडे भक्ष्य म्हणून पाहत असण्याची शक्यता असते. तिथे पडून राहणं म्हणजे ताट वाढून देणं. दगड, काठी, मिळेल ते घेऊन त्याच्या तोंडावर, नाकावर हाणा.

रंगावरून जात ओळखायला जाऊ नका. काळी अस्वलं तपकिरीही असतात. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो, चेहरा मध्ये खोलगट आणि नख्या लांब.

तंबूत अस्वल शिरू नये याची तयारी झोपण्याआधीच होते. स्वयंपाक तंबूपासून शंभरेक मीटर दूर करा. अन्नच नव्हे तर टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, खरकटं हे सगळं कडक अस्वलरोधक डब्यात बंद करा, किंवा जमिनीपासून किमान 3 मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर दूर टांगा.

राहिला बेअर स्प्रे. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा हा फवारा अस्वलाचे डोळे, नाक आणि श्वास काही वेळ बेजार करतो. अलास्कातल्या 1985 ते 2006 या काळातल्या घटनांच्या अभ्यासात तपकिरी अस्वलांना त्यानं 92 टक्के वेळा रोखलं होतं. किमान 225 ग्रॅमचा डबा घ्या. खिशातला छोटा पेपर स्प्रे चालत नाही. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर, त्यामुळे 30 मीटरवरून येणारं अस्वल दोन सेकंदांत पोचतं. सॅकच्या तळाशी ठेवलेला डबा तोवर हाती लागणार नाही, तो कमरेच्या पट्ट्याला हवा. सुरक्षा-क्लिप काढा, नेम किंचित खाली धरा आणि अस्वल नऊ-दहा मीटरवर आलं की फवारा सोडा, म्हणजे ते धावत येऊन त्या ढगात शिरेल. वारा तुमच्याकडे असेल तर थोडा त्रास तुम्हालाही होईल.

डासांच्या मलमासारखा हा फवारा कपड्यांवर किंवा तंबूवर मारून ठेवू नका. सुकलेला थर अस्वलाला उलट आकर्षित करू शकतो. मुदत डब्यावर छापलेली असते. विमानात हा डबा नेता येत नाही आणि अमेरिकेतल्या योसेमिटीसारख्या काही उद्यानांत तो बाळगायलाच बंदी आहे, म्हणून निघण्याआधी तिथला नियम बघून घ्या.