छातीत धडधड होते म्हणजे फ्लो गेला? काहून बावा?

आमच्याकडं भरतीची तयारी करणारे पोट्टे पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, अन् दरवर्षी कोणीतरी त्यायले सांगतेच का ग्राउंडच्या आधी मन एकदम शांत कर, डोकं रिकामं कर, तरच फ्लो येते, म्हणजे माणूस कामात पुरता रंगून जाते. मग पोट्टा डोळे मिटून बसते, छाती तर धडधडतेच, अन् त्याले वाटते आपलं काही खरं नाही, म्हणजे पळायच्या आधीच अर्धा हरला.

हे चूक आहे गा. फ्लोची कल्पना मांडली चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं, १९७० च्या दशकात. त्याच्या म्हणण्यात रिकाम्या डोक्याची अट नाहीच! पुढं काय करायचं ते पक्कं पाहिजे, जमून राहिलं का नाही ते लगेच समजलं पाहिजे, अन् काम आपल्या कुवतीले ताण देणारं पाहिजे. लय सोपं असलं तं कंटाळा, लय अवघड तं घाबरगुंडी.

धडधडीचं म्हणाल तं २०१४ मध्ये अॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधक बाईनं लोकायले भाषण अन् गणितं करायले लावली, त्यात स्वतःले 'शांत हो' म्हणणाऱ्यायपेक्षा 'जोश आला' म्हणणारे सरस निघाले. धडधड तीच, नाव बदललं फक्त.

म्हणून १६०० मीटरले उभं राहताना ४०० च्या चार फेऱ्या धरा, प्रत्येकीचा टाइम ठरवा, घड्याळ पाहा. पहिल्या फेरीत बाजूच्याच्या नादी लागून सुसाट सुटू नका, मी सुटलो होतो, तिसरीत पोटात कळ आली.