डायल-अप जोडणीचा मंद वेग : कारणे व निदान

साध्या टेलिफोन लाइनवरून मोडेमने इंटरनेटला जोडल्यावर अपेक्षेपेक्षा कमी वेग मिळणे ही डायल-अप वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार. तिचे मूळ बहुतेक वेळा संगणकात नसून तांब्याच्या तारेत असते. तरी लोक आधी मोडेम बदलतात.

मोडेमच्या खोक्यावर आधीच आलेल्या '५६ के' (सेकंदाला ५६ किलोबिट) या आकड्याला १९९८ च्या व्ही.९० मानकाने सर्वमान्य रूप दिले. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिट. त्यातले भरवशाने वापरता येतात ते ७ बिट, म्हणून ५६. अमेरिकेत लाइनवरच्या शक्तिमर्यादेमुळे हा आकडा ५३.३ वरच थांबतो, आणि चांगल्या लाइनवरही बहुधा चाळिशीतलाच वेग पदरी पडतो. उलट दिशेचा, म्हणजे अपलोडचा, वेग व्ही.९० मध्ये ३३.६ च्या पुढे जात नाही.

निदानाची सुरुवात आकडा नीट वाचण्यापासून होते. जोडणी होताच पडद्यावर १,१५,२०० दिसले तर हुरळून जाऊ नये. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग आहे, लाइनचा नव्हे. बिट आणि बाइट (आठ बिटांचा एक बाइट) यांचा घोळही नेहमीचा. ४८,००० बिटांची जोडणी म्हणजे सेकंदाला जेमतेम ६,००० बाइट, तेव्हा एक मेगाबाइटची फाइल उतरायला तीन मिनिटे लागणे हा बिघाड नाही.

खरा आकडा हाती आला की तोच बरेच सांगतो. तो रोज थोडा वरखाली होत चाळीस हजारांच्या घरात राहत असेल तर लाइन ठीक आहे. रोज २६,४०० किंवा २८,८०० वरच अडत असेल तर वाटेत कुठेतरी संकेताचे ॲनलॉगमधून डिजिटलमध्ये दुसऱ्यांदा रूपांतर होत असल्याची शंका घ्यावी. एकाच तारेवर दोन ग्राहक बसवणाऱ्या उपकरणाने असे होते. इंटरनेट पुरवठादाराच्या टोकापासून एक्स्चेंजपर्यंतची वाट डिजिटल आणि ॲनलॉग रूपांतर एकदाच, या गृहीतावर व्ही.९० उभे आहे. ते मोडले की मोडेम व्ही.३४ या आधीच्या, कमी वेगाच्या मानकावर उतरतो. तिथे ग्राहकाच्या हातात काही उरत नाही. लांब तारेवर आवाज सुधारण्यासाठी बसवलेली लोडिंग कॉइलही अशीच आड येते.

घरातल्या तारेचे मात्र तसे नाही. फोन उचलून एक अंक दाबावा, म्हणजे डायल टोन थांबतो, आणि त्या शांततेत कान देऊन ऐकावे. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचे पुसट बोलणे ऐकू आले तर चोर सापडला. मग सगळी एक्स्टेन्शने काढून, लाइन घरात शिरते त्या पहिल्या पॉइंटलाच मोडेम लावून पाहावा. वेग वाढला तर दोष घरातल्या वायरिंगचा. गंजलेला जोड किंवा लांबलचक चपटी वायर हे हमखास संशयित. कॉल वेटिंगचा 'टुक' आवाजही चालू जोडणी तोडू शकतो.

संगणकाच्या बाजूने दोनच गोष्टी तपासण्याजोग्या. मोडेम जिथे जोडतात त्या जुन्या सिरियल पोर्टमधली ८२५० किंवा १६४५० चिप एका वेळी एकच बाइट धरते. वेगवान पोर्टवर दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो. प्रोसेसरला तो उचलायला उशीर झाला की बाइट गळतो आणि तो तुकडा पुन्हा मागवावा लागतो. १६ बाइटांची रांग असलेल्या १६५५०ए चिपने हा प्रश्न मिटवला. दुसरी गोष्ट सॉफ्टवेअर मोडेमची. तो आपले काम प्रोसेसरवर ढकलतो, त्यामुळे जुन्या यंत्रावर जड प्रोग्रॅम चालू असताना अडखळतो.

जोडणी ५०,६६७ ची, तरी पाने रखडत उघडतात, असेही होते. मोडेमने लाइनच्या कुवतीपेक्षा मोठी उडी मारलेली असते. व्ही.४२ हे चुका सुधारणारे मानक चुकलेले तुकडे मुकाट्याने पुन्हा पाठवत राहते. चुका फार वाढल्या की दोन्ही मोडेम बोलणे थांबवून नव्याने जुळवणी करतात आणि तेवढे सेकंद काहीच हलत नाही. अशा वेळी मोडेमला संगणकावरून द्यायच्या, 'एटी' ने सुरू होणाऱ्या आज्ञांनी कमाल वेग बांधून द्यावा. आज्ञा उत्पादकागणिक वेगळी असते, ती पुस्तिकेत पाहावी. ४४,००० वर बांधलेली जोडणी मग न थांबता वाहते आणि तीच फाइल आधीपेक्षा लवकर उतरते.