शेगडीला नियम, फर्नेसला सूट : अमेरिकेतील धूर-चाचणीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या थंड प्रदेशांत अनेक घरांच्या तळघरात लाकडावर चालणारी फर्नेस असते. तिच्यात ओंडके पेटवले की तापलेली हवा पंख्याच्या जोरावर पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पोहोचते. या फर्नेसच्या धुरावर २०१५ पर्यंत कोणतीही केंद्रीय मर्यादा नव्हती, आणि बैठकीच्या खोलीतील लहान शेगडीला मात्र ती १९८८ पासून लागू होती.

१९७० च्या दशकातील तेलटंचाईमुळे लाकडी शेगड्या पुन्हा घरोघर आल्या आणि हिवाळ्यात दऱ्यांमधील गावांवर धूर साचून राहू लागला. ओरेगॉन राज्याने १९८३ मध्ये याविरुद्ध पहिला कायदा केला. त्यानंतर १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, देशभरासाठी नियम आणला. त्याच्या १९९० च्या टप्प्यानुसार उत्प्रेरक (धूर अधिक पूर्णपणे जाळणारा भाग) असलेल्या शेगडीला ताशी ४.१ ग्रॅम आणि नसलेल्या शेगडीला ७.५ ग्रॅम सूक्ष्मकणांची मुभा होती. फर्नेस आणि पाणी तापवणारे बॉयलर मात्र या नियमातून वगळले गेले.

या आकड्यांपेक्षा ते कसे मोजले जात, हे अधिक महत्त्वाचे आहे. चाचणीत डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे, साल नसलेले, एका मापाने कापलेले तुकडे मध्ये फटी ठेवून रचत आणि आधीच तयार असलेल्या निखाऱ्यांवर ठेवत. प्रयोगशाळांमधील निकाल एकमेकांशी ताडता यावेत, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण घरात जळते ते वेडेवाकडे, सालीसकटचे सरपण, आणि थंड शेगडी पेटवताना निघणारा दाट धूर तर या मोजणीत येतच नसे.

२०१५ च्या नियमाने फर्नेस आणि बॉयलर प्रथमच कक्षेत आणले. लहान फर्नेसना २०१६ पासून आणि मोठ्यांना २०१७ पासून, घराला मिळणाऱ्या दर दहा लाख बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णतेमागे ०.९३ पौंड कणांची मर्यादा लागली. मे २०२० पासून ती ०.१५ पौंडांवर आली. शेगड्यांसाठी त्याच टप्प्यात दोन मर्यादा ठरल्या : कापीव तुकड्यांवर चाचणी केल्यास ताशी २ ग्रॅम, सरपणावर केल्यास २.५ ग्रॅम. इंधन बदलले की निकाल बदलतो, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी लागेल.

नव्या मर्यादेत न बसणारा जुना माल विकून संपवण्यासाठी उद्योगाने मुदत मागितली. ईपीएने नोव्हेंबर २०१८ मध्ये फर्नेस व बॉयलरसाठी दोन वर्षांच्या सवलतीचा प्रस्ताव मांडला, पण एप्रिल २०२० मध्ये तो सोडून दिला.

दरम्यान सरपणावर आधारित एक पर्यायी चाचणीपद्धत २०१८ मध्ये मान्य झाली होती. तिच्यात लाकूड कसे रचावे, हवा कधी कमी करावी, याची प्रयोगशाळांना बरीच मोकळीक होती, आणि तीच तिच्यावरील मुख्य टीका ठरली. ईशान्येकडील राज्यांची हवा-गुणवत्ता संघटना आणि अलास्का यांनी २०२१ मध्ये प्रमाणन अहवालांतील (विक्रीपूर्वी मान्यता मिळवण्यासाठीच्या चाचणी-अहवालांतील) त्रुटी दाखवल्यानंतर ईपीएने ती मान्यता काढून घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षकांनी नोंदवले की, हीटर ग्राहकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांची योग्य चाचणी झाली असल्याची खात्री ईपीएचा लाकडी हीटरविषयक कार्यक्रम देत नाही. स्वच्छ हवा कायद्यानुसार अशा मानकांचा दर ८ वर्षांनी आढावा घ्यावा लागतो. २०१५ च्या नियमाची ती मुदतही त्याच वर्षी संपली.