विजेपासून वेगळी झालेली आज्ञा

भिंतीवरचे साधे बटण एका वेळी दोन कामे करते. ते दाबले की तारेतून वीज दिव्यापर्यंत जाते, आणि वीज येऊन पोचणे हाच दिव्यासाठी उजळण्याचा निरोप असतो. वायरलेस नियंत्रणात या दोन गोष्टींची फारकत होते. वीज पूर्वीप्रमाणे तारेतूनच येते आणि ती अखंड येत राहते. आज्ञा मात्र रेडिओलहरींवरून स्वतंत्रपणे येते. ही फारकत वरवर किरकोळ वाटते, पण अशा दिव्यांच्या बहुतेक सोयी आणि बहुतेक अडचणी तिच्यातूनच निघतात.

पांढरा प्रकाश देणाऱ्या एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट इतका एकदिश विद्युतदाब लागतो, आणि तिचा प्रकाश तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरतो. दाबात थोडा फरक पडला तरी प्रवाह झपाट्याने बदलतो, म्हणून दिव्यात ड्रायव्हर नावाचे मंडल असते. मुख्य वाहिनीची प्रत्यावर्ती वीज एकदिश करून ते प्रवाह आखून दिलेल्या मर्यादेत ठेवते. वायरलेस दिव्यात याच ड्रायव्हरशेजारी रेडिओ असलेली एक छोटी चिप बसवतात. हवेतून आलेला आकडा वाचायचा आणि किती प्रकाश द्यायचा ते ड्रायव्हरला सांगायचे, एवढेच तिचे काम.

प्रकाश मंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात प्रवाहच कमी करतात. तो सरळ आहे, पण फार खाली गेल्यावर प्रकाशाची छटा किंचित बदलते. दुसऱ्या मार्गात प्रवाह तितकाच ठेवून तो सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि चालू राहण्याचा काळ जितका कमी तितका दिवा मंद दिसतो. छटा टिकते, पण लुकलुक मागे उरते. ही लुकलुक सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होत असेल तर ती थेट जाणवत नाही. मात्र हात वेगाने हलवला की बोटांच्या अनेक तुटक प्रतिमा दिसतात. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशींनुसार, प्रवाह पूर्णपणे चालू-बंद होत असेल तर वारंवारता ३००० हर्ट्झच्या वर ठेवल्यास लुकलुकीचा परिणाम जाणवू नये. स्वस्त दिवे इथेच कमी पडतात, आणि वेष्टनावर याचा उल्लेख क्वचितच असतो, हे मला खटकते.

डोळ्याचा हिशेबही सरळ नसतो. प्रकाश निम्मा केला तरी डोळ्याला तो निम्मा झाला असे वाटत नाही. ‘डाली’ या प्रकाशनियंत्रणाच्या जुन्या, तारेवर चालणाऱ्या मानकात ही गोष्ट सुंदर रीतीने सांभाळली आहे. त्यात मंदतेच्या २५४ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सुमारे २.८ टक्के अधिक प्रकाश देते. परिणामी मधल्या, म्हणजे १२७ व्या पायरीवर प्रत्यक्ष प्रकाश पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम ३ टक्के असतो, तरीही पाहणाऱ्याला उतार एकसारखा वाटतो. वायरलेस दिव्यात पायऱ्यांचा असा चढत जाणारा वक्र नसेल, तर सरकपट्टीच्या वरच्या भागात बोट कितीही सरकवले तरी फारसा फरक दिसत नाही आणि तळाशी दिवा एकदम विझल्यासारखा होतो.

आता आज्ञेचा प्रवास पाहू. झिग्बी आणि ब्लूटूथ मेश या प्रचलित पद्धती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि वायफायही तिथेच गर्दी करते. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. नेमके दिव्याचे कवच, उष्णता बाहेर टाकण्यासाठी, बहुधा ॲल्युमिनियमचे असते, आणि धातूच्या डब्यात बंद केलेल्या अँटेनाला काही ऐकू येत नाही. म्हणून अँटेना प्लास्टिकच्या आवरणाजवळ आणावी लागते. दिव्याची रचना करणाऱ्याने हा विचार पहिल्याच आराखड्यात केलेला बरा.

एका दिव्याचा आवाज दूर पोचत नसला, तरी दिवे एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. झिग्बीत निरोपाची वाट आखली जाते. ब्लूटूथ मेशमध्ये ऐकलेला निरोप प्रत्येक वाहक दिवा पुन्हा उच्चारतो, आणि तोच निरोप दुसऱ्यांदा कानावर आला की सोडून देतो. मात्र कोणी भिंतीवरचे जुने बटण बंद केले, तर विझलेल्या दिव्याबरोबर निरोप्याही नाहीसा होतो आणि पलीकडचे दिवे अचानक बहिरे होतात. अशा जाळ्यांतल्या कितीतरी गूढ बिघाडांचे मूळ या साध्या बटणात असते.

सतत ऐकत राहण्याची किंमतही मोजावी लागते. समजा ९ वॅटचा दिवा रोज दोन तास जळतो आणि उरलेले बावीस तास अर्धा वॅट घेत आज्ञेची वाट पाहतो. जळताना तो १८ वॅट-तास खर्च करतो आणि वाट पाहण्यात ११. युरोपीय संघाने जाळ्याशी जोडलेल्या दिव्यांच्या या प्रतीक्षेवर अर्ध्या वॅटचीच मर्यादा घातली आहे. त्यामुळे दीर्घकाळ जळणाऱ्या दिव्यांना, विशेषतः माणसांची चाहूल घेणाऱ्या सेन्सरची जोड असेल तर, ही व्यवस्था खरी बचत देते. क्वचित लागणाऱ्या दिव्याला ती मुळीच परवडत नाही.

आज्ञा हवेतून येते, म्हणजे ती कोणीही पाठवू शकतो. म्हणून निरोप कूटबद्ध करतात, पण किल्ली कशी सांभाळली जाते यावर सारे अवलंबून असते. २०१६ मध्ये कूटशास्त्रज्ञ आदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रसिद्ध दिव्याच्या चिपची वीजखपत बारकाईने मोजून त्याची अंतर्गत आज्ञावली बदलण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली शोधून काढली. ती त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांना लागू पडत होती. एका दिव्यातून दुसऱ्यात पसरत जाणारा संसर्ग शक्य असल्याचे त्यांनी दाखवले, आणि उत्पादकाने त्रुटी दुरुस्त केली.

या साऱ्यात मला सर्वाधिक आवडते ते बॅटरीविना चालणारे बटण. ते दाबताच आतले चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ झटक्यात हलते आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने क्षणभर वीज निर्माण होते. बोटाच्या त्या एका दाबातून मिळालेली ऊर्जा निरोप पाठवण्यापुरतीच असते, उत्तराची वाट पाहण्याइतकी नसते. म्हणून हे बटण तोच निरोप काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने तीनदा पाठवते, आणि त्यातला एक पोचला तरी दिवा लागतो.