दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, मग रक्त जातंय कुठून?

कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या काकांचं हिमोग्लोबिन सहावर आलं, शी काळी होत होती, सगळे म्हणाले लोहाच्या गोळ्यांनी होते तशी, आणि होते हे खरंय, पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची शी गोळीची नसते, ते पचलेलं रक्त असतं. एकीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, कुणी बीटाचा रस सुरू केला, त्यात दहा दिवस गेले आणि रक्त जातच राहिलं. मग वरून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल, आणि घरचे निर्धास्त झाले. ते चुकतं, म्हणून हे लिहितेय.

वरची दुर्बीण जठराच्या जरा पुढे जाऊन थांबते, खालची मोठं आतडं संपेपर्यंतच जाते. मधलं वेटोळी घालून बसलेलं काही मीटर लांब लहान आतडं कुणी बघितलेलंच नसतं, आणि पचनमार्गातल्या रक्तस्रावांपैकी साधारण 5 ते 10 टक्के तिथले असतात. वयस्करांत बारीक रक्तवाहिन्यांची फुगलेली जाळी, तरुणांत क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार) किंवा गाठ, पेनकिलरचे व्रण, शिवाय आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि अंकुशकृमीसुद्धा.

यासाठी आत कॅमेरा बसवलेली कॅप्सूल आहे, 2001 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. साधारण 26 मिलिमीटर लांब, गिळायची, कमरेला रेकॉर्डर लावायचा, सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन फोटो काढत आठ तास चालायच्या, म्हणजे पन्नास हजारांवर फोटो. पण तिला थांबवता येत नाही, तपासणीसाठी आतड्याचा तुकडा घेता येत नाही, आणि टीबीने आतडं अरुंद झालं असेल तर ती अडकू शकते, म्हणून हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

मला खरी आवडते ती डबल बलून, म्हणजे दोन फुग्यांची दुर्बीण, जपानच्या डॉक्टर यामामोतोंनी काढलेली. नुसती लांब दुर्बीण ढकलली तर सैल आतडं ताणलं जातं, वेटोळं मोठं होतं आणि टोक जागचं हलत नाही. पायजम्यात नाडी ओवताना काय करतो आपण? पिन ढकलत नाही, ती चिमटीत धरून नेफ्याचं कापड मागे चुणतो. इथे तेच. दुर्बिणीवर एक बाहेरची नळी, दोघींच्या टोकाला एकेक फुगा. नळीचा फुगा फुगवून आतडं पकडायचं, दुर्बीण पुढे न्यायची, मग दुर्बिणीचा फुगा फुगवायचा, नळीचा सोडायचा, नळी दुर्बिणीवरून पुढे सरकवायची, मग दोन्ही फुगवून सगळं हळूच मागे ओढायचं, की आतडं चुण्या पडून नळीवर गोळा होतं. परत पहिल्यापासून. दोन मीटरच्या दुर्बिणीत कितीतरी जास्त आतडं बघून होतं, आणि तिथेच तुकडा घेता येतो, रक्त थांबवता येतं.

कारण सापडण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच, पण बलूनला गुंगी लागते, तास-दीड तास जातो, म्हणून बहुतेकदा आधी कॅप्सूल, तीही रक्त गेल्यावर दोन-तीन दिवसांत केली तर बरी, उशिरा केली की सापडण्याची शक्यता घटते.

काकांच्या कॅप्सूलमध्ये लहान आतडं सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांतच लाल जाळी दिसली, म्हणजे तोंडाकडून जायचं हे ठरलं. बलूनने पोचले आणि आर्गॉन वायूतून विजेची ठिणगी देऊन ती तिथेच जाळली. अशी जाळी दुसरीकडेही होऊ शकते, त्यामुळे सध्या दर महिन्याला हिमोग्लोबिन तपासायला सांगितलंय.