काळ्या वावरातला खांब आणि हिमनदीवरचा खांब

आमच्या वावराच्या धुऱ्यावर विजेचा एक खांब आहे. दर उन्हाळ्यात तो आणखी थोडा कलतो. परवा भाच्याने मोबाइलवर आल्प्समधली स्की-लिफ्ट पाहिली, म्हणजे बर्फावर घसरायला आलेल्यांना दोराने चढावर नेणारी सोय. तिचे खांब थेट हिमनदीच्या बर्फावर उभे. म्हणाला, "मामा, आपल्यासारखंच आहे तिथं. जमीन हलते. खोल गाडला की झालं."

जमीन दोन्हीकडे हलते हे खरं, पण हलण्याची तऱ्हा वेगळी, आणि सगळा उपाय तिथंच ठरतो.

आपली काळी माती जागच्या जागी हलते. तिच्यातली माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात आमच्या वावरातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की तीच भेग मिटते. पण हे सगळं वरच्या थरात. साधारण साडेतीन मीटरखाली ओल बाराही महिने जवळपास सारखी राहते, म्हणून तिथली माती शांत. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, रुळवले. त्यांच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असतो, दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद. वरची माती उचलू लागली की तो फुगवटा खालून धरून ठेवतो.

हिमनदीत कितीही खोल गेलं तरी थारा नाही. तो बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराकडे वाहतो आणि गेलेला परत येत नाही. स्वित्झर्लंडच्या आलेच हिमनदीचा वेग काही भागात वर्षाला २०० मीटरच्या आसपास आहे. लहान हिमनद्या बऱ्याच संथ, तरी लिफ्टला तेवढंही जड जातं. मधला बर्फ जोरात सरकतो, काठचा हळू, त्यामुळे ओळीत उभे केलेले खांब हळूहळू ओळ सोडतात. लिफ्टचा वायर रोप, म्हणजे तारेचा दोर, तर प्रत्येक खांबावरच्या कप्प्यांवरून सरळ जायला हवा. विहिरीवर दोर तिरपा ओढला की कप्पीच्या खाचेतून कसा सुटतो, ते आपण पाहिलेलं आहे. इथं त्या दोराला माणसं लटकलेली असतात. खांब पार खडकापर्यंत नेला तरी सरकता बर्फ त्याला रेटत राहतो. वरून उन्हाने बर्फ वितळतो, बूड उघडं पडतं ते वेगळंच.

म्हणून शक्य तिथं बर्फाला शिवतच नाहीत. फ्रान्सच्या एग्वी द्यु मिदी शिखरापासून (३,८४२ मीटर) इटलीच्या हद्दीपर्यंतचा पाच किलोमीटरचा रोपवे हिमनदीवरूनच जातो. १९५०च्या दशकात तो बांधताना एका जागी दोन सुळक्यांमध्ये तारा ताणल्या आणि आधार त्या तारांनाच टांगला. जमिनीला न टेकणारा खांब! मला तर हे फार मोठं काम वाटतं.

जिथं बर्फावर उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही, तिथं बहुधा टी-बार लावतात. त्यात स्कीवाला बर्फावरच उभा राहून आडव्या दांड्याच्या आधाराने ओढला जातो, उंचावर लटकत नाही. खांबही हलवता येतील अशा बेताने बसवलेले असतात. ओळ बिघडली की मोजायचं आणि पुन्हा ओळीत आणायचं.

संध्याकाळी भाच्याला धुऱ्यावर नेलं. खांबाच्या बुडाभोवती चहूबाजूंनी भेग होती. तो रोवला तेव्हा मी तिथंच उभा होतो. खड्डा कमरेइतकाही खोल नव्हता.